जंगाली

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली या गावांत नव्याने बांधलेल्या घरांमध्ये अलीकडे एक रंग वारंवार भेटतो. दिवाणखान्याच्या तीन भिंती मोतिया किंवा पांढरट असतात, आणि सोफ्यामागची चौथी भिंत निळ्या आणि हिरव्याच्या सीमेवर थबकलेल्या, थोडी राख कालवल्यासारख्या, दबक्या छटेची असते. घर बहुधा प्राध्यापकाचे, बँकेत नोकरी करणाऱ्याचे, वीज केंद्रातल्या किंवा कोळसा खाणीतल्या अधिकाऱ्याचे असते. रंगाचे नाव विचारले तर शेडकार्डावरचे इंग्रजी नाव सांगितले जाते; ते आठवत नसेल तर डब्याच्या झाकणावरचा कोड. पुढचे स्पष्टीकरण मात्र मराठीत येते : ‘फार शांत वाटतं’, किंवा ‘आपल्या जंगलाचा भास होतो’.

या छोट्याशा संवादात तीन गोष्टी आहेत. रंगाला मराठीत नाव नाही ही पहिली, तो शांत आहे ही दुसरी, आणि तो जंगलाचा आहे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी मला संशयास्पद वाटतात. घर कोणत्या रंगाने रंगवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल कुणाला उपदेश करण्याची माझी इच्छा नाही. पण जंगलालगत राहणारा शिक्षित मराठी माणूस जंगलाचा रंग म्हणून जे विकत घेतो, त्यात त्याच्या भाषेविषयी आणि वाङ्मयीन अभिरुचीविषयी बरेच काही उघड होते. मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तिकडे लक्ष द्यायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम नावाचा प्रश्न. मराठी रंगांना नावे देते ती वस्तूंवरून. अंजिरी, डाळिंबी, जांभळा, लिंबोणी, मोतिया, राखी, मेंदी, शेवाळी, पारवा, मोरपंखी, गव्हाळ. या नावांचा गुण असा की रंगाबरोबर वस्तूही येते; तिचा पोत, तिची चव, तिचे वय येते. पारवा म्हटले की नुसता करडा रंग डोळ्यांपुढे येत नाही, मानेवरची हिरवी-निळी झाकही हलते. कापडाच्या दुकानात ही परंपरा अजून जिवंत आहे. तिथे निळ्या-हिरव्याच्या या पट्ट्याला ‘रामा’ म्हणतात, त्यातला उजळ असेल तो ‘फिरोजी’, गडद असेल तो ‘मोरपंखी’. लुगड्याच्या दुकानात ज्या बाईला पाच छटांची नावे सहज सुचतात, तीच रंगाच्या दुकानात गेली की कार्डावर बोट ठेवते. वस्त्राच्या रंगांची भाषा आपल्याकडे होती, भिंतीच्या रंगांची भाषा मात्र डब्यासोबत बाहेरून आली, असे याचे एक सोपे उत्तर आहे. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

कारण दबकेपणा व्यक्त करण्याची सोय मराठीच्या व्याकरणातच आहे. आपल्याकडे रंगनामांना लागणारे प्रत्यय आहेत : निळसर, लालसर, पिवळसर, तांबूस, हिरवट, पिवळट, पांढरट, काळपट. पण हे प्रत्यय निःपक्षपाती नाहीत, ते रंगाबरोबर मतही देतात. ‘-सर’ आणि ‘-ऊस’ यांत कौतुक नसले तरी स्वीकार आहे. ‘-ट’ आणि ‘-पट’ यांत नापसंती आहे. पिवळसर प्रकाश आणि पिवळट दात या दोन शब्दप्रयोगांतला फरक कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आता गंमत अशी की निळ्याला आपण सहसा ‘-सर’ लावतो आणि हिरव्याला ‘-ट’. ‘निळट’ असा शब्द नाही. ‘हिरवसर’ जवळजवळ ऐकू येत नाही. हिरवट म्हणजे कच्चे, उग्र वासाचे, आणि माणसाच्या बाबतीत चारित्र्याने शंकास्पद. त्यामुळे या भिंतीच्या रंगाचे वर्णन ‘हिरवट-निळसर’ असे करू गेल्यास पहिला शब्द नाक मुरडतो आणि दुसरा सांभाळून घेतो. आपल्या भाषेने या सीमारेषेवर एक न्यायनिवाडा आधीच करून ठेवला आहे. शेडकार्डावरच्या इंग्रजी नावाचे आकर्षण यात असावे. ते नाव आपल्याला ‘-ट’ आणि ‘-सर’ यांतून निवड करण्याची जबाबदारी टाळू देते.

निळा आणि हिरवा यांच्यातली सीमा सर्व भाषांना सारखी दिसत नाही, हे आता सर्वज्ञात आहे. बर्लिन आणि के यांनी १९६९ साली रंगनामांचा जो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर या विषयावर बरीच चर्चा झाली. अनेक भाषांत या दोन्हींसाठी एकच मूळ शब्द आहे ही गोष्ट त्या चर्चेतून सर्वांपर्यंत पोहोचली. जपानी भाषेतला ‘आओ’ हा निळ्याचा शब्द रस्त्यावरच्या हिरव्या दिव्यालाही चालतो. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा तालुक्यात तेलुगू बोलली जाते. त्या भाषेतला ‘पच्च’ हा शब्द हिरव्याला चालतो आणि पिवळ्यालाही. काविळीला तेलुगूत ‘पच्चकामेर्लु’ म्हणतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात हिरव्याची सीमा एका भाषेत एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या भाषेत दुसऱ्या बाजूला. अशा भूमीवर रंगनामांचा विचार करणारा मराठीचा विद्यार्थी खरे तर भाग्यवान म्हणायला हवा.

आणि मुख्य गोष्ट अशी की या रंगाला मराठीत नाव होते. तांब्यावर चढणाऱ्या निळ्या-हिरव्या पुटाला ‘जंगाल’ म्हणत आणि त्या छटेला ‘जंगाली’. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे. तो फारसी ‘झंगार’वरून आला, हिंदीत गंजाला जो ‘जंग’ म्हणतात त्याच कुळातला. तांब्याचे पत्रे आंबट द्रवाच्या वाफेत ठेवून, त्यांवर धरलेले पूट खरवडून हा रंग पूर्वी करत असत. हस्तलिखितांतली झाडे आणि हिरवळ त्याने रंगवली जात. तो दिसायला मोहक आणि स्वभावाने घातक. कित्येक पोथ्यांत जिथे जिथे हा हिरवा लावला तिथला कागद कालांतराने तपकिरी होऊन झडून गेला. उन्हापावसात दीर्घकाळ उभे असलेले तांब्याचे शिखर वा पुतळा ज्या रंगाला पोहोचतो, तोही याच घराण्यातला. भिंतीवरच्या दबक्या निळ्या-हिरव्याला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

मग तो विसरला का गेला? एक कारण शब्दांच्या सर्वसाधारण नशिबाचे आहे. फारसीतून आलेले अनेक शब्द गेल्या शतकात मागे पडले. पण दुसरे कारण स्वयंपाकघरात आहे. आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी होती तोवर जंगाल ही रोजची भीती होती. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकायची. ‘कळकणे’ हे क्रियापद आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते, कारण स्टीलच्या भांड्यात काहीच कळकत नाही. कल्हईवाला गेला, चिंचेने भांडी घासणे सणापुरते उरले, आणि त्याबरोबर तांब्यावरच्या त्या हिरव्या-निळ्या पुटाकडे बघण्याचा सरावही गेला. भांडी घासणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो रंग म्हणजे हलगर्जीपणाचा पुरावा होता. दिवाणखान्याच्या भिंतीला तो लावावा आणि त्याला शांत म्हणावे, ही कल्पना तिला विक्षिप्त वाटली असती. मात्र तिला त्याचे नाव ठाऊक होते.

जंगाल आणि जंगल हे दोन शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘जंगल’ संस्कृत ‘जाङ्गल’वरून आले. आयुर्वेदाच्या ग्रंथांत देशाचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘जांगल’ म्हणजे कमी पाण्याचा, मोकळा, विरळ झाडीचा, कोरड्या हवेचा प्रदेश. त्याच्या विरुद्ध ‘आनूप’, म्हणजे दलदलीचा, दाट, ओलसर. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली या विषयावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. मूळ अर्थाने जंगल हे कोरडे आहे. पुढे, आणि विशेषतः इंग्रजीत गेल्यावर, त्या शब्दावर ओलाव्याचे आणि घनदाटपणाचे पूट चढले. इंग्रजीतून परत येताना तो हेच पूट घेऊन आला. आज आपण ‘जंगलाचा भास’ म्हणतो तेव्हा त्या जंगलात ओल असते, शेवाळ असते, धुके असते. हे चित्र चंद्रपूरचे नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल शुष्क पानगळीचे आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, पळस, कुसुम, बांबू. आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. या जंगलाचे रंग महिन्यांनी मोजावे लागतात. माघात साग पाने टाकू लागतो. खाली पडलेले पान तपकिरी, चामड्यासारखे, पायाखाली मोठ्याने वाजणारे. फाल्गुनात पानांवाचून उभ्या पळसावर केशरी फुले येतात. त्याच सुमारास कुसुमाला पालवी फुटते आणि ती लालभडक असते. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा धावड्याची खोडे पांढुरकी दिसतात, माती विटकरी, आकाश धुरकट. हिरवेपणा येतो तो मृगानंतर, आणि येतो तेव्हा अजिबात दबका नसतो. डोळ्यांत खुपावा इतका ताजा असतो. वर्षाचे किती दिवस हे जंगल भिंतीवरच्या रंगासारखे दिसते? माझ्या मते जवळजवळ कधीच नाही.

तरीही तो रंग इथे आहे. तो पाहण्यासाठी दोन-चार गोष्टी जवळून पाहाव्या लागतात. या भागात बांबूच्या दोन मुख्य जाती आहेत, मानवेल आणि कटांग. पावसाळ्यात मानवेलीच्या बेटातून नवे कोंब वर येतात. कोवळे असताना त्यांना ‘वास्ते’ म्हणून बाजारात मागणी असते; जे वाचतात ते काही आठवड्यांत उंच होतात. या नव्या बांबूच्या पेरांवर एक पातळ, मेणचट, पिठासारखा थर असतो आणि त्यामुळे तो निळसर-हिरवा दिसतो. नेमका तो दबका, राखेची झाक असलेला. बोटाने पुसले की पीठ निघते आणि खालचा साधा हिरवा उघडा पडतो. बांबू जुना होत जातो तसा हा रंग जातो आणि पिवळट फिक्कटपणा येतो. म्हणजे जंगलातला हा रंग कोवळ्या वयाचा आहे, थोड्या काळाचा आहे, आणि स्पर्श सहन न करणारा आहे. दुसरे उदाहरण नीळपंखाचे, ज्याला चास असेही म्हणतात आणि ज्याचे दसऱ्याला दर्शन शुभ मानतात. तारेवर बसलेला असताना तो मातकट, फुगलेला, दुर्लक्ष करण्याजोगा पक्षी आहे. उडाला की पंखांतल्या फिक्या आणि गडद निळ्या पट्ट्या उलगडतात. त्याचा रंग ही एक घटना आहे. ती घडते आणि मिटते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातल्या नोकरीत पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावे आयुष्यभर गोळा केली. त्या नावांचे मोल हे की ती अशा घटना पाहिलेल्या माणसांनी ठेवलेली आहेत.

आता भिंतीकडे वळू. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या किंवा मातीच्या. दिवाळीआधी त्या पोतारायच्या, आणि ऐपत असेल तर चुन्याचे दोन हात द्यायचे. चुन्यात निळीची पुडी घालण्याची पद्धत भारतभर होती तशी इथेही होती. कपड्यांची ही नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. १८२८ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत ते बनवण्याची रीत सापडली आणि राजेरजवाड्यांचा निळा रंग आण्याला पुडी मिळू लागला. त्याचा एक उपयुक्त गुण असा की चुन्याच्या क्षारात तो टिकतो. प्रशियन निळा टिकत नाही. नीळ घालण्याचा मूळ हेतू चुन्याचा पिवळटपणा मारण्याचा, पण हात सैल पडला की भिंत निळी होई. मग तिच्यावर चुलीचा धूर बसे, पावसाचे ओघळ येत, कोपऱ्यांत हिरवी बुरशी धरे, आणि चार महिन्यांत ती भिंत ज्या रंगाला येई तो आजच्या महागड्या इमल्शनच्या फार जवळचा असे. फरक इतकाच की तो रंग कुणी निवडलेला नव्हता. तो चुना, नीळ, धूर आणि पाऊस यांचा हिशेब होता, आणि घरातल्या बाईच्या लेखी पुढच्या दिवाळीला पुन्हा पोतारण्याची ती सूचना होती.

आता त्याच घरांच्या जागी सिमेंटची घरकुले उभी राहत आहेत आणि त्यांचे मालक पहिल्यांदाच रंग निवडत आहेत. ते काय निवडतात? पोपटी, गुलाबी, गर्द निळा, केशरी. खिडकीच्या चौकटीला एक, भिंतीला दुसरा, ओट्याला तिसरा. चंद्रपूरहून गाडीने जाणारा दबक्या भिंतीचा मालक हे पाहून हळहळतो : ‘किती सुंदर मातीची घरं होती, आता किती भडक रंग लावतात.’ ही हळहळ मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि तीत एक अन्याय आहे. ज्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या परिस्थितीने दबक्या ठेवल्या, त्याने पहिली संधी मिळताच उजळ रंग घ्यावा यात अभिरुचीचा अभाव नाही. आणि ज्याच्या घरात उजळपणा मुबलक आहे त्याने दबका रंग विकत घ्यावा हीदेखील केवळ अभिरुची नाही. त्यात व्यवहारही आहे. चंद्रपूर २००९ साली देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत होते. इथे कोळशाची धूळ आहे, वीज केंद्राची राख आहे. तिकडे एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ आहे. अशा गावात पांढरी भिंत राखणे कठीण. राखेची छटा आधीच कालवलेली भिंत राख सहज पचवते. ज्या रंगाला आपण जंगलाची आठवण म्हणतो, तो जंगल ज्याने मागे हटले त्या उद्योगाची खूण झाकायला सोयीचा आहे, हे कडू असले तरी खरे आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की रंग हा शेवटी डोळ्यांना सुख देण्यासाठी असतो. दिवसभर उन्हातून आलेल्या माणसाला निळी-हिरवी भिंत गारवा देत असेल तर तीत समाजशास्त्र शोधणे हा रिकामा उद्योग आहे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अठ्ठेचाळीस अंशांच्या गावात डोळ्यांचा गारवा ही क्षुल्लक गोष्ट नाही. माझा प्रश्न ‘शांत’ या शब्दापुरता आहे. म्हणजे त्या रंगाची शांतता जंगलाच्या नावावर खपवण्याबद्दल आहे. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला बाया उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि रानातली जनावरे फुले खाऊन जातात. त्या वेळेला झाडांमधला प्रकाश निळसर-हिरवाच असतो, दबका, राखेची झाक असलेला. वाकून फुले वेचणारी बाई वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नाही असे जाणकार सांगतात. या दोन जिल्ह्यांत मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या बाईला या प्रकाशाविषयी विचारले तर ती ‘शांत’ हा शब्द वापरील असे मला वाटत नाही. ती कदाचित म्हणेल की त्या उजेडात पट्टे दिसत नाहीत. हे रंगाविषयीचे विधान आहे, आणि शेडकार्डावरच्या कोणत्याही नावापेक्षा नेमके आहे.

इथपर्यंत आल्यावर आपल्या समीक्षेकडे पाहिले की काही शब्द ओळखीचे वाटू लागतात. भडक, गडद, बटबटीत, सौम्य, संयत, तरल. मराठी समीक्षेने रंगाऱ्याचे आणि भिंतीचे शब्द घेऊन त्यांचे मूल्यनिर्णय केले आहेत. ‘संयत शैली’ ही स्तुती आहे, ‘भडक चित्रण’ ही निंदा. ही परिमाणे कुठून आली आणि कोणाच्या दिवाणखान्यातून आली, हे आपण फारसे विचारत नाही. झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण घ्या. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर वडसा-देसाईगंज हे या रंगभूमीचे केंद्र गजबजते आणि गावोगावी रात्रभर नाटके चालतात. रंगवलेले पडदे, वाद्यांचा घोष, गाणी, मोठा अभिनय, मोठा आवाज. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर शहरी वृत्तपत्रांना या रंगभूमीची नव्याने ओळख झाली. पण नाट्यसमीक्षेत तिच्यासाठी ठेवलेला शब्द बहुधा ‘भडक’ हाच राहिला. हजारोंच्या जमावापुढे, उघड्या मंडपात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर अभिनयाचा रंग उजळच हवा. तिथे संयत अभिनय दिसणारच नाही. जो रंग पन्नास माणसांच्या बंदिस्त नाट्यगृहात योग्य तोच सर्वत्र योग्य, असे मानणारी समीक्षा म्हणजे एकाच भिंतीवर पाहिलेली समीक्षा. यातून सर्वच भडक चांगले असा निष्कर्ष मी काढत नाही. झाडीपट्टीतही वाईट नाटके होतात. ती वाईट का, हे सांगायला ‘भडक’पेक्षा वेगळा शब्द लागेल, आणि तो शोधण्याचे श्रम घ्यावे लागतील.

सर्वांत गंभीर प्रश्न वर्गातला आहे. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडली गेली. तिथे मराठी घेऊन शिकणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची घरे जंगलाला लागून आहेत. त्यांना ‘माझा परिसर’ या विषयावर लिहायला सांगा. उत्तरपत्रिकेत ‘हिरवेगार जंगल’, ‘हिरवी वनराई’, ‘निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेली वनश्री’ असे शब्द सापडतील, आणि त्यांना गुणही मिळतील. हे लिहिणाऱ्या मुलाने मे महिन्यात तेंदूची पाने तोडली आहेत, कोवळ्या बांबूवरचे पीठ बोटाने पुसले आहे, कुसुमाची लाल पालवी पाहिली आहे. यांपैकी काहीही कागदावर येत नाही. कारण शाळेपासून त्याला हे शिकवले गेले आहे की साहित्यातले जंगल हिरवेगार असते, आणि त्याने पाहिलेले जंगल ही खासगी, किरकोळ, थोडी लाजिरवाणी गोष्ट आहे. भिंतीवरचा रंग आणि उत्तरपत्रिकेतली ‘वनश्री’ एकाच कारखान्यात तयार होतात. दोन्हींत जंगल दुसरीकडून आणलेले आहे आणि दोन्ही जंगलाच्या दारात लावलेली आहेत.

नावाने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. त्याला याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगावी. बांबू वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत आहे; पण भारतीय वन कायद्याने त्याला दीर्घकाळ वृक्ष मानले. वृक्ष म्हटले की तो वनखात्याचा, आणि त्याच्या वाहतुकीला परवाना. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे जात राहिला. गावकऱ्याने मात्र तो तोडून विकला तर गुन्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात गणले. त्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवलेल्या मेंढा-लेखा या गावाला २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ साली वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला. एका वनस्पतीला वृक्ष म्हणायचे की गवत, या शब्दाच्या वादात पिढ्यांची मजुरी अडकली होती. आणि ज्या कागदावर ‘हिरवेगार जंगल’ लिहिले-छापले गेले, त्यातला काही कागद याच बांबूचा होता. त्या कागदावर मानवेलीचे नाव क्वचितच उमटले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रंग बदलू नका. त्याचे नाव विचारा. जंगाली हा शब्द वर्गात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात तांबे आहे, आंबट आहे, पोथीचा झडलेला कागद आहे, भांडे घासणारी बाई आहे. तो जड वाटत असेल तर विद्यार्थ्यांनाच विचारावे की हा रंग त्यांनी कुठे पाहिला आहे. कोणी बांबूचे नाव घेईल, कोणी आजोळच्या निळीच्या भिंतीचे, कोणी चासाच्या पंखाचे, कोणी तळ्यातल्या पाण्याचे. ज्यांच्या घरी गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली बोलतात, ते कदाचित अशी नावे सांगतील की मराठीच्या निळ्या-हिरव्याची सीमाच हलेल. ती उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि त्यांतले एखादे पुढच्या निबंधात आले तर त्याला ‘हिरवेगार’पेक्षा दोन गुण अधिक द्यावेत. दोन गुण ही फार मोठी क्रांती नव्हे. पण मराठीत रंगांची नावे अशीच तयार झाली आहेत : कुणीतरी वस्तू पाहिली, तिचे नाव रंगाला दिले, आणि ते कुणीतरी खोडले नाही.